घरच्या सर्व्हरला बाहेरची हार्ड डिस्क जोडताना: ती डिस्क नसेल त्या दिवसाचा विचार आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकावर (पुढे नुसतं ‘पाय’) छोटा सर्व्हर चालतो. डॉकरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या व्यवस्थेत, फोटोंसाठी इमिच आणि सिनेमांसाठी जेलीफिन आहेत, घरातल्या चौघांच्या फोनमधले फोटो तिथे जमा होतात आणि १२८ जीबीचं कार्ड आता भरत आलंय. ४ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायची आहे. कोणती घ्यावी, फॉरमॅट कोणता करावा, वडिलांच्या जुन्या १ टीबी डिस्कवरचे साधारण ६०० जीबी फोटो कसे हलवावेत? आणि शेवटी, ‘यूएसबीला लावली की झालं ना?’

त्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. लावली की डिस्क दिसते, फाइल जातात, दोन महिने सगळं सुरळीत चालतं. मग एखाद्या दिवशी वीज जाऊन येते, सर्व्हर उठतो आणि डिस्क उठत नाही. तेव्हा सर्व्हर काय करेल हे तुम्ही आधी ठरवलेलं नसेल, तर तो स्वतःच काहीतरी ठरवतो, आणि त्याचा निर्णय सहसा महागात पडतो.

हे मी अनुभवाने सांगतोय. बारा-तेरा वर्षं घरात सर्व्हर चालवतोय, नातेवाइकांकडे आणि मित्रांकडेही बसवून दिलेत. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि अर्ध्या तासात तीनदा वीज गेली-आली. डिस्क ज्या डबीत होती, तिला दाबून चालू करायचं बटण होतं. वीज परत आल्यावर ती डबी आपणहून चालू होत नव्हती, आणि हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. सर्व्हर मात्र उठला. डिस्क जिथे माउंट व्हायची, म्हणजे जोडली जाऊन दिसायची, तो फोल्डर मुळात कार्डावरचा एक साधा रिकामा फोल्डर. फोनमधून येणारे फोटो दोन दिवस निमूटपणे त्याच फोल्डरात, म्हणजे कार्डावर, पडत राहिले. तिसऱ्या दिवशी कार्ड भरलं आणि सगळं ठप्प झालं. मी डबीचं बटण दाबलं, सर्व्हर रीस्टार्ट केला, डिस्क माउंट झाली आणि ते दोन दिवसांचे फोटो नाहीसे झाले. त्यात आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो होते, आणि फोनवर बायकोने ‘जागा मोकळी करा’ दाबलेलं होतं.

फोटो गेलेले नव्हते. डिस्क माउंट झाली की तिच्या खालचा फोल्डर झाकला जातो, त्यातल्या फाइल तिथेच असतात पण दिसत नाहीत. मूळ फाइल सिस्टिम दुसऱ्या एखाद्या फोल्डरवर ‘माउंट बाइंड’ने लावली की हा झाकलेला भाग उघडा पडतो. रात्री साडेअकराला तो आदेश दिला, आत गेलो आणि ४१२ फाइल एका ओळीखाली एक दिसल्या, तेव्हा श्वास सुटला. तेव्हापासून कुणाकडेही डिस्क जोडताना मी पहिला विचार ती डिस्क नसेल त्या दिवसाचा करतो. खालचं सगळं त्याच हिशेबाने वाचा.

आधी विजेचं. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअर मिळतात, प्रत्येकाला नव्हे. २.५ इंची पोर्टेबल डिस्क यूएसबीवरच चालते, आणि फिरायला सुरुवात करताना ती एकटीच १ अँपिअरच्या आसपास घेऊ शकते. म्हणजे एक डिस्क कशीबशी भागते, दुसरी लावलीत की दोन्ही अडखळतात. डिस्कमधून दर काही सेकंदांनी ‘टिक’ असा आवाज येत असेल आणि फिरणं सुरू होऊन थांबत असेल, तर नव्वद टक्के वेळा डिस्क खराब नसते, तिला वीज कमी पडत असते. पाय ५ वर तर ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर नसेल तर यूएसबीला एकूण ६०० मिलिअँपिअरच मिळतात, अधिकृत २७ वॉटचा लावला तरच १.६ अँपिअर. खात्री करायची असेल तर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ हा आदेश द्या. उत्तर शून्य आलं तर ठीक. ५ आणि पुढे चार शून्यं आली, तर सर्व्हर चालू झाल्यापासून केव्हातरी व्होल्टेज खाली गेलं होतं आणि प्रोसेसरला वेग आवरता घ्यावा लागला होता. फोनच्या चार्जरवर चालणाऱ्या पायमध्ये हे उत्तर मी असंख्य वेळा पाहिलंय.

म्हणून घरात एका जागी कायम राहणाऱ्या सर्व्हरला माझी शिफारस ३.५ इंची डेस्कटॉप डिस्कची असते. तिला स्वतःचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर असतो, पायवर भार येत नाही. पोर्टेबलच घ्यायची असेल तर स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा हब मध्ये घाला. मात्र हब स्वस्तातला घेऊ नका. काही हब यूएसबीच्या वायरीतून उलट पायलाच वीज पुरवतात आणि मग पाय नीट बंदही होत नाही.

आणि आता तुम्हाला कळलंच असेल, की सुटी डिस्क आणि वेगळी डबी घेणार असाल तर डबीचं बटण मी का तपासायला सांगतोय. खट्कन खाली बसून तिथेच राहणारा स्विच हवा. दाबून सोडायचं मऊ बटण असेल तर दुकानातच डबी चालू करा, प्लग काढा, परत लावा. आपोआप उठली तरच घ्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, एवढं करून दाखवायला दुकानदार नाही म्हणत नाही. मोठ्या कंपन्यांच्या सीलबंद डेस्कटॉप डिस्क बहुतेक आपोआप उठतात, तरी घरी आणल्यावर पहिली चाचणी हीच करा.

डिस्क निवडताना एक प्रकार समजून घ्या. आजच्या बऱ्याच डिस्कमध्ये, विशेषतः २ टीबीच्या वरच्या पोर्टेबल डिस्कमध्ये, माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात. याला एसएमआर म्हणतात. मंगलोरी कौलांचं छप्पर डोळ्यासमोर आणा: मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली शेजारची कौलं आधी उचलावी लागतात. तसंच इथे. एकदा लिहून ठेवायचे फोटो आणि सिनेमे यांना हे चालतं, वाचनाच्या वेगात फारसा फरक नसतो. पण एकसारखं जागोजागी थोडं थोडं लिहिणारं काही, उदाहरणार्थ डेटाबेस, अशा डिस्कवर ठेवलं की ती घामाघूम होते. पहिल्यांदा ६०० जीबी भरतानाही एका टप्प्यानंतर वेग एकदम सेकंदाला १०-२० एमबीवर आलेला दिसेल. घाबरू नका, ती आतल्या आत आवराआवर करत असते. पट्ट्या न चढवणारी डिस्क, म्हणजे सीएमआर, परवडत असेल तर जरूर घ्या, पण तुमच्या कामासाठी ती सक्तीची नाही.

पोर्टेबल डिस्कबद्दल आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा सॉकेट थेट डिस्कच्या सर्किटवरच बसवलेला असतो, आत डिस्क जोडायचा नेहमीचा साटा कनेक्टर नसतोच. सॉकेट सैल झाला किंवा तुटला तर डिस्क डबीतून काढून दुसऱ्या डबीत घालता येत नाही. सर्व्हरमागे वायर लोंबत राहते, झाडू मारताना ओढली जाते. वायरीला मागच्या बाजूला एक साधी पट्टी बांधा, सॉकेटवर ताण येऊ देऊ नका.

डिस्क निळ्या पोर्टात लावा, तेच यूएसबी ३ आहेत. फरक किती पडतो? यूएसबी २ वर खरा वेग ३५ एमबीच्या आसपास, म्हणजे तुमच्या ६०० जीबीला जवळपास पाच तास. निळ्या पोर्टात ११० एमबी धरलात तर दीड तास. फोटो लहान लहान असल्याने प्रत्यक्षात दोन्ही वेळा वाढतील. यूएसबी ३ चा एक त्रासही आहे: त्याची वायर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये गोंगाट करते. डिस्क लावल्यापासून पायचं वायफाय रडायला लागलं तर कारण हेच. सर्व्हरला लॅन केबल लावा, विषय मिटतो.

काही डब्यांची चिप लिनक्सशी नीट जुळत नाही. मोठी कॉपी चालू असताना सगळं अर्धा मिनिट गोठतं, मग परत सुरू होतं, आणि ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींमध्ये, ‘यूएएस’ आणि ‘अबॉर्ट’ हे शब्द दिसतात. अशा वेळी त्या डबीपुरता यूएएस, म्हणजे यूएसबीवरून माहिती नेण्याची नवी वेगवान पद्धत, बंद करून जुन्या पद्धतीने चालवायचं. ‘एलएसयूएसबी’ने तिचा आठ अक्षरी ओळख क्रमांक घ्या आणि पाय सुरू होताना वाचतो त्या ‘सीएमडीलाइन’ फाइलमध्ये ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स’ला तो क्रमांक देऊन शेवटी ‘यू’ लावा. त्या फाइलमधलं सगळं एकाच ओळीत राहिलं पाहिजे. एंटर दाबून नवी ओळ केलीत तर पाय सुरूच होणार नाही. वेग थोडा कमी होतो, पण थोड्या कमी वेगाने न अडखळता चालणारी डिस्क केव्हाही परवडते.

नवी डिस्क आली की फोटो लगेच भरू नका. आधी ‘स्मार्टसीटीएल’ने तिची लांब चाचणी लावा. यूएसबीवर बहुतेक वेळा ‘-डी सॅट’ असं जोडावं लागतं. ४ टीबीला एक रात्र जाते. मी याशिवाय ‘बॅडब्लॉक्स’ची लिहून वाचण्याची चाचणीही करतो. ती डिस्कवरचं सगळं पुसते, चार वेगवेगळे नमुने लिहिते आणि प्रत्येक परत वाचून पाहते. म्हणजे सगळी डिस्क लिहून आणि वाचून मिळून आठ वेळा पालथी घातली जाते, ४ टीबीला चार दिवस सहज लागतात. चार दिवस डिस्क नुसती कोपऱ्यात घरघरत असते आणि घरचे विचारतात, पण खराब निघणारी डिस्क या चार दिवसांत निघाली तर ती दुकानातून बदलून मिळते. फोटो भरल्यावर निघाली तर वॉरंटीत दुसरी डिस्क मिळते, फोटो मिळत नाहीत.

फॉरमॅटबद्दल माझं मत ठाम आहे: जीपीटी पद्धतीचं पार्टिशन, त्यावर लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम. जुनी एमबीआर पद्धत २ टीबीच्या थोडंसंच वर जाते, ४ टीबीला ती पुरत नाही. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून आलेली असते आणि ‘तशीच ठेवतो, कधी विंडोजला लावता येईल’ असं वाटतं. तो मोह आवरा. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे काय बदलणार याची आधी ठेवलेली नोंद, नाही, लिहिता लिहिता वीज गेली की काय उरेल सांगता येत नाही. एनटीएफएस लिनक्सवर चालतं, पण वीज गेल्यावर ते बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरतं माउंट होतं, आणि दुरुस्तीला विंडोजचं मशीन शोधत बसावं लागतं. लिनक्सच्या मालकी-परवानग्याही त्यावर नीट बसत नाहीत, डॉकरमध्ये याचा रोज त्रास होतो. विंडोज लॅपटॉपला फोटो हवेत तर सांबाने नेटवर्कवरून द्या.

ईएक्सटी४ केल्यावर डिस्क ३.६ दिसेल. काही चोरीला गेलेलं नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि मशीन १०२४ च्या. त्यातही ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवलेली असते, ४ टीबीत ती २०० जीबी होते. नुसत्या फोटोंच्या डिस्कवर तिचा उपयोग नाही, ‘ट्यून२एफएस -एम ०’ने ती मोकळी करा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो भाग.

कोणती डिस्क कुठे माउंट करायची हे सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये डिस्क एसडीए, एसडीबी या नावाने कधीही लिहू नका. उद्या दुसरी डिस्क लावलीत की ही नावं आपसात बदलतात. ‘एलएसबीएलके -एफ’ने यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा कायमचा ओळख क्रमांक, घ्या आणि तो लिहा. पर्यायांमध्ये ‘नोफेल’ हवंच. ते नसेल आणि डिस्क सापडली नाही तर सर्व्हर दीड मिनिट वाट बघतो आणि आपत्कालीन स्थितीत जाऊन बसतो. पायला बहुतेकांकडे स्क्रीन नसते, त्यामुळे बाहेरून तो मेल्यासारखा वाटतो. स्क्रीन लावलीत तरी रूटचं खातं बंद असल्याने आत जाता येत नाही, कार्ड काढून दुसऱ्या मशीनवर फाइल सुधारावी लागते. त्यासोबत ‘एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट’ ३० सेकंदांवर आणा, ‘नोएटाइम’ही घाला, म्हणजे फाइल वाचल्याची वेळ दर वेळी नोंदली जाणार नाही.

पण ‘नोफेल’ने निम्मंच काम होतं. उलट माझ्यावर जो प्रसंग आला, तो ‘नोफेल’ असल्यामुळेच आला: डिस्कविना सर्व्हर खुशाल सुरू झाला. म्हणून डिस्क माउंट केलेली नसताना तो रिकामा फोल्डर कुलूपबंद करा. ‘चॅटर +आय’ हा आदेश त्या फोल्डरवर द्या. यानंतर डिस्क नसेल तर त्या फोल्डरात रूटलासुद्धा एक अक्षर लिहिता येत नाही. डिस्क मात्र त्यावर नेहमीसारखी माउंट होते आणि माउंट झाल्यावर लिहिणं-वाचणं सगळं चालतं. एका ओळीचा आदेश, आयुष्यात एकदा द्यायचा.

यात डॉकरची एक खोच आहे. कंटेनरला डिस्कचा मुख्य फोल्डर देऊ नका, त्यातला उपफोल्डर द्या, समजा ‘डेटा’मधला ‘फोटो’. डिस्क नसेल तेव्हा ‘फोटो’ हा फोल्डर नसतोच. डॉकरला असा फोल्डर सापडला नाही की तो स्वतः तयार करायला जातो, कुलपामुळे ते जमत नाही, आणि कंटेनर चुकीच्या जागी लिहिण्याऐवजी सुरूच होत नाही. नेमकं हेच हवं. इमिच अलीकडे सुरू होताना आपल्या फोल्डरांत स्वतःची खुणेची फाइलही शोधतं, ही चांगली गोष्ट आहे, पण सांबा, बॅकअपच्या स्क्रिप्ट, इतर कंटेनर असं काही शोधत नाहीत.

दुसरी खोच क्रमाची. ‘नोफेल’ लावलं की सिस्टमडी, म्हणजे सगळ्या सेवा सुरू करणारा लिनक्सचा प्रोग्रॅम, त्या डिस्कसाठी थांबत नाही. डिस्क फिरून तयार व्हायला दहा-पंधरा सेकंद घेते, तेवढ्यात डॉकर सुरू झालेला असतो. डॉकरच्या सर्व्हिसला ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ने डिस्कचा फोल्डर सांगितला, की आधी डिस्क आणि मगच डॉकर. पण घराची जाहिराती गाळणारी डीएनएसची सेवा त्याच डॉकरमध्ये असेल, तर डिस्क नसल्यामुळे घरातलं इंटरनेटच बंद पडेल. तसं असेल तर ही ओळ घालू नका, फोल्डरच्या कुलपावर भरवसा ठेवा आणि न उठलेले कंटेनर हाताने सुरू करा.

इमिचचा डेटाबेस डिस्कवर हलवू नका. तो कार्डावरही राहू नये, रोजच्या लिखाणाने कार्ड झिजतं. दुसऱ्या निळ्या पोर्टात छोटी २५६ जीबीची एसएसडी लावा, पाय तिच्यावरूनच सुरू करा आणि डेटाबेस व फोटोंची लहान चित्रं तिथे ठेवा. डेस्कटॉप डिस्कला स्वतःची वीज असल्याने पायवर भार फक्त एसएसडीचा राहतो.

वडिलांची डिस्क. ती फक्त वाचण्यापुरती माउंट करा, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिलं जाणार नाही. ‘टीमक्स’ उघडा, नाहीतर लॅपटॉप झोपला की कॉपी तुटेल, आणि आत ‘आरसिंक -एव्ही’ चालवा. कॉपी झाल्यावर तोच आदेश ‘-सी’ जोडून परत चालवा. यात आरसिंक दोन्हीकडची प्रत्येक फाइल पूर्ण वाचून ताडून पाहतो. वेळ लागतो, पण २००९ च्या गणपतीचा एखादा फोटो अर्धाच आला आहे का, हे त्यातूनच कळतं. जुन्या डिस्कवर काही फाइल वाचताच येणार नाहीत अशी शक्यता धरा, आरसिंक त्यांची नावं सांगतो, ती लिहून ठेवा. आणि ती डिस्क फॉरमॅट करून ‘दुसरी डिस्क’ म्हणून वापरायला काढू नका. पुसू नका, कपाटात ठेवून द्या.

कारण ४ टीबीच्या एका डिस्कवर सगळं आणून ठेवणं म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुजवलेला ३-२-१ चा नियम घराला पुरेसा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. दोन यूएसबी डिस्कची रेड करण्याची, म्हणजे दोन्हींवर एकच माहिती एकदम लिहिण्याची, कल्पना बरेच जण मांडतात, मी ती कुणालाही देत नाही. यूएसबीला एक झटका बसला की दोन्ही डिस्क एकदम तुटतात, आणि चुकून खोडलेली फाइल रेडमध्ये दोन्हीकडून खोडली जाते. त्यापेक्षा तेवढीच दुसरी डिस्क घ्या, महिन्यातून एकदा जोडून ‘रेस्टिक’ने बॅकअप घ्या आणि काढून घराबाहेर ठेवा. गावच्या घरी, भावाकडे, किंवा दागिन्यांसाठी बँकेचा लॉकर आहेच तर त्यात. फोटोंसोबत इमिचच्या डेटाबेसचा डम्पही घ्या, नाहीतर फोटो परत येतील पण अल्बम आणि चेहऱ्यांची नावं येणार नाहीत. पहिल्या बॅकअपनंतर दहा फोटो खरोखर परत काढून उघडून पाहा.

महिन्यातून एकदा स्मार्टमधल्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींमधल्या, या चार क्रमांकांसमोरचे आकडे बघा: ५, १९७, १९८ आणि १९९. पहिले तीन शून्यावरून हलले तर डिस्क बदलायची तयारी सुरू करा, वाढत गेले तर त्याच आठवड्यात बदला. १९९ वाढला तर सहसा डिस्क निर्दोष असते, डबीतलं कनेक्शन सैल झालेलं असतं. उन्हाळ्यात तापमानही बघा. बंद टीव्ही कॅबिनेटमध्ये डिस्क ५० अंशांच्या वर सहज जाते, तिला बाहेर मोकळ्यावर ठेवा. पाय, डिस्क आणि राउटर तिन्ही एकाच यूपीएसवर घ्या.

सगळं झाल्यावर, फोटो भरण्याआधी, एक संध्याकाळ काढा. सर्व्हर नीट बंद करा, डिस्कची वायर काढा आणि सर्व्हर चालू करा. दोन मिनिटांत लॉगिन करता आलं पाहिजे. डिस्कच्या फोल्डरात एक रिकामी फाइल तयार करून पाहा, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असं उत्तर आलं पाहिजे. इमिचचा कंटेनर बंद दिसला पाहिजे. मग डिस्क लावा, मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा आणि कशालाही हात न लावता फोनवर फोटो दिसतात का बघा. यूपीएस असेल तर या चाचणीपुरता तो मधून काढा. दिसले, तर वडिलांची डिस्क जोडायला हरकत नाही.